विषय : मेहुण्याची कॅसेट

टेपरेकॉर्डरच्या हेडला खोबरेल तेल लावायचं नसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे बिजागरी कुरकुरली की खोबरेल, कुलूप अडलं की खोबरेल, डोकं दुखलं की खोबरेल. या तिन्ही ठिकाणी गुण आलेला मी स्वतः पाहिला आहे. तेव्हा एकोणनव्वद सालच्या डिसेंबरात, एका रविवारी सकाळी, आमच्या टू-इन-वनचा आवाज जरा घोगरा वाटला म्हणून मी कापसाचा बोळा तेलात बुडवला, तर त्यात माझं काय चुकलं? (हा प्रश्न मी पुढे आठ दिवस बऱ्याच जणांना विचारला. उत्तर सगळ्यांनी दिलं.)

तेल घालायची वेळ का आली, ते आधी सांगतो. पुढच्या रविवारी आमच्याकडे माझ्या मेहुण्याला बघायला पाहुणे यायचे होते. माझी बायको मालन, तिचा धाकटा भाऊ बाळा भाटकर. आगबोटीवर इंजिनरूममध्ये ऑइलमन. आई गेली तेव्हा बाळा चार वर्षांचा होता, त्याला मालननेच वाढवला. आता तो बत्तीस वर्षांचा झाला, आमच्या दोन्ही दारांतून वाकून जावं लागेल एवढा उंच झाला, पण लग्न काही जमेना. चार स्थळं आली. चारही ठिकाणी मुलगा पसंत पडायचा, कांदेपोहे संपायचे आणि मग त्यांच्यातला कोणीतरी शहाणा म्हणायचा, "आगबोटीवरची माणसं पितात हो." की संपलं.

हे पाचवं स्थळ. गुहागरचे आप्पा आरेकर, सुपारीची बाग, एकुलती मुलगी राही. बाळाने तिला वेळणेश्वरला कोणाच्या तरी लग्नात पाहिली आणि तेव्हापासून हा सहा फुटांचा माणूस दिवसातून तीनदा विचारायचा, "ताई, गुहागरहून काही आलं?" मालनने मला बजावून ठेवलं होतं. "हे जमलं नाही ना, तर तो पुढची बोट धरील आणि दोन वर्षं तोंड दाखवणार नाही. मला माहीत आहे तो." असं म्हणताना तिचे डोळे भरले होते. म्हणून मी ठरवलं, पाहुणे आले की मागे मंद नाट्यसंगीत चालू असावं. घर सुसंस्कृत वाटलं पाहिजे. आणि म्हणून तेल.

त्या दिवशी बाळा कंपनीच्या मेडिकलसाठी मुंबईला गेलेला, मालन भैरीच्या देवळात. तेल लावून झाल्यावर मशीन तपासायला हाताला लागेल ती कॅसेट घ्यावी म्हणून मी बाळाच्या घरीच राहिलेल्या बॅगेत हात घातला. कॅसेट निघाली ती काळी. कव्हरवर हाडं आणि कवट्या, खाडीतल्या तिवरांची मुळं गुंतावीत तशी अक्षरं. मला वाटलं, मेडिकलचीच काहीतरी असेल. लावली.

आता कसं सांगू? एखाद्या माणसाला विहिरीत टाकावं, वरून पत्र्याचे डबे टाकावेत आणि त्याने खालून आपली तक्रार करावी, तसं काहीतरी सुरू झालं. अर्ध्या मिनिटात थांबलं. मी सुटकेचा श्वास घेतला, तेवढ्यात पुन्हा सुरू झालं. मी बंद करायला गेलो तो चुकून आवाज वाढवला. आणि दारात सोनूबाई उभी. सोनूबाई म्हणजे आमच्याकडे मिरकरवाड्याहून मासळी घेऊन येते ती. तिने टोपली खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता घरात बघायला लागली.

"कुनाच्या नरड्यात काटा अडकलाय ओ?"

"काटा नाही. टेप आहे."

"टेप कशाला वरडंल? मानूस हाय ह्यो. वैनी कुठं हायत?"

"देवळात गेली आहे."

"मग वरडतंय कोन?"

"सोनूबाई, टेप बिघडलाय."

"बरा," ती म्हणाली, म्हणजे तिला पटलं नव्हतं. "सुरमयचा काटा दिसतोय. कोरड्या भाताचा मोठा घास गिळायला सांगा. आनि डागदरला दाखवा, लपवू नका." मासळी न देताच ती निघून गेली. समोरच्या दोन घरी थांबून काहीतरी बोलली, ते मी खिडकीतून पाहिलं.

मेहुण्याची परदेशी कॅसेट आपण तेल घालून नासवली, हे माझ्या डोक्यात बसलं. मालन यायच्या आत मी टू-इन-वन कापडी पिशवीत घातला आणि गोखले नाक्यावर गंगाराम शिवलकरचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान गाठलं. रविवारीही तो दुकानात बसलेला असतो. गंगारामचा एक सिद्धांत आहे, गिऱ्हाईक खोटंच बोलतं. त्याने झाकण उघडलं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय लावलंत?"

"काही नाही."

"नाचणकर, ह्यात चकली तळता येईल."

त्याने स्पिरिटने हेड पुसलं, स्वतःची भजनाची कॅसेट लावली. आवाज टाळ-मृदंगासकट लख्ख आला. मग बाळाची कॅसेट लावली आणि पुन्हा तेच विहिरीतलं गाऱ्हाणं सुरू झालं. गंगारामने मान वाकडी करून तीन गाणी ऐकली. (ती गाणी आहेत हे त्यानेच मला सांगितलं.) मग बंद केलं.

"मशीन ठीक. कॅसेट पण ठीक. तुमचं तेल ह्यात नाही."

"मग हे असं का येतंय?"

"असंच भरलेलं आहे. मुद्दाम."

मुद्दाम! आम्ही रत्नागिरीकर तसे संशयी नाही. शेजारी पोस्टमन थांबला तर पत्र कोणाचं हे कळेपर्यंत आम्हाला चहा गोड लागत नाही, एवढंच. पण हा शब्द घेऊन मी घरी आलो आणि जेवण गेलं नाही. कोणी शहाणा माणूस असा आवाज मुद्दाम कशाला भरील? आणि भरला तर दुसरा शहाणा माणूस तो जपून बॅगेच्या तळाशी कशाला ठेवील? माझा मेहुणा वर्षातले नऊ महिने समुद्रावर नेमकं करतो काय, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. इंजिनला तेल घालतो असं तो म्हणतो. ते म्हणायला काय, मीही घातलं होतं.

आता इथे दुसऱ्या कोणी काय केलं असतं? बाळा परत आल्यावर त्याला विचारलं असतं. पण मी बावीस वर्षं सरकारी कार्यालयात क्लार्क आहे. आम्ही कोणाला विचारत नाही. आम्ही अभिप्राय मागवतो. मी रद्दीतलं एक जुनं फाइल कव्हर घेतलं, त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'विषय : मेहुण्याची (श्री. बाळा भाटकर) कॅसेट. प्रकरण : चौकशी', आत चार कोरे कागद लावले आणि पहिल्या पानावर टिपणी टाकली. 'सोबतची कॅसेट ऐकून आपला अभिप्राय नोंदवावा, ही विनंती.' लिहून झाल्यावर मला एकदम बरं वाटलं. कागदावर आलं की काळजीचा निम्मा भार कागद उचलतो, असा माझा अनुभव आहे.

सोमवारी ऑफिसला जाताना वाटेत गंगारामकडून लिहून घेतलं. 'यंत्रात दोष नाही. दोष असल्यास माणसात असावा.' मग मधल्या सुट्टीत आमचे हेडक्लार्क भिकाजीराव सुर्वे यांना रेकॉर्डरूममध्ये नेऊन कॅसेट ऐकवली. भिकाजीराव फार सावध गृहस्थ. स्वतःच्या सहीखालीही ते 'तपासलं' असं लिहितात. त्यांनी हातातलं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि प्रत्येक गाण्याची वेळ टिपून घेतली.

"नाचणकर, पहिलं गाणं एकतीस सेकंदांत संपलं."

"होय साहेब."

"दुसरं अठ्ठेचाळीस. प्रामाणिक गाणं इतक्या लवकर संपतं का?"

"नसावं संपत."

"आपला किनारा. परदेशी बोट. भाषा कळत नाही. तुकडे एकोणीस." ते दाराकडे बघून हळूच म्हणाले, "एकोणीस काय उतरवायचं असेल?"

रात्री-अपरात्री खाडीत माल उतरतो, घड्याळं येतात, कापड येतं, असं आम्ही सगळेच ऐकून होतो. पण तो उतरवणारा आपल्याच घरी चहा पितो आणि आपल्याला भाऊजी म्हणतो, असं कधी मनात आलं नव्हतं. भिकाजीरावांनी लिहिलं, 'ध्वनी सांकेतिक असण्याची शक्यता नाकारता येत नाही. एखाद्या अनुभवी, वयस्क व्यक्तीचाही अभिप्राय घ्यावा.' सही केली, तारीख टाकली आणि हात धुवायला गेले.

मंगळवारी संध्याकाळी केरूबुवांकडे गेलो. केरूबुवा आमच्या आळीतल्या भजनात चाळीस वर्षं पखवाज वाजवतात. ते डोळे मिटून ऐकायला बसले. पहिल्या गाण्याला त्यांचा चेहरा आंबट झाला. तिसऱ्याला बोटं मांडीवर हलायला लागली. सातव्याला बोटं दमली.

"वाजवणारे चौघे आहेत," ते म्हणाले.

"कव्हरवर एकाच ड्रमवाल्याचं नाव दिसतंय बुवा."

"एक?" त्यांनी डोळे उघडले. "मग त्याच्या मागे कोणीतरी कोयता घेऊन लागलेलं आहे. एवढं माणूस हौसेने वाजवत नाही."

"म्हणजे हे वाईट आहे?"

"मी वाईट कुठे म्हटलं? गाणाऱ्याला ज्येष्ठमधाचा काढा द्या, त्याचं मी ऐकलंच नाही. पण ह्या मेल्याचा ठेका बघा. पळतोय नुसता, आणि समेवर बरोबर येऊन आपटतोय." फाइलमध्ये त्यांनी लिहिलं, 'लय पळपुटी, परंतु हिशेबी. इसम कसल्यातरी घाईत आहे. मनगट पाहायला मिळाल्यास बरे.' वर मला दारापर्यंत सोडायला आले आणि इकडेतिकडे बघून म्हणाले, "ही उद्या परत आणाल काय? कोणाला बोलू नका." तेव्हा मला केरूबुवांचाही संशय यायला लागला.

शेवटी सगळे अभिप्राय समोर ठेवून मी माझा निष्कर्ष लिहिला. अक्षर सुंदर आलं होतं, त्यामुळे मजकूर वाढत गेला. 'सबब, सदर बाळा भाटकर हे जहाजावर प्रत्यक्षात काय करतात, याबाबत संशयास वाव आहे.' हे वाक्य मी दोनदा वाचलं. माझ्या सर्व नोकरीत मी इतकं नेटकं वाक्य लिहिलं नव्हतं. बुधवारी फाइल ऑफिसच्या खणात ठेवली, पुढे कोणाचा अभिप्राय घ्यावा याचा विचार करत घरी आलो, कॅसेट बाळाच्या बॅगेत परत ठेवली आणि मालनने मला पकडलं.

"रोज पिशवीतून टेप कुठे नेता?"

"दुरुस्तीला."

"गंगाराम म्हणतो, रविवारीच परत दिला."

"गंगारामला काय कळतं?"

"सोनूबाई विचारत होती, घरात कोणाला कोंडलंय काय. समोरच्या वहिनी आज वाटीभर साखर मागायला आल्या आणि सगळ्या खोल्या बघून गेल्या. साखर इथेच विसरल्या. काय चाललंय तुमचं?"

मी सांगून टाकलं. तेलाचं वगळून सगळं. (तेलाचं तिला आधीच कळलं होतं, बाटली कमी झालेली.) ती माझ्यासमोर पाटावर बसली.

"माझ्या भावावर तुम्ही फाइल उघडलीत?"

"तात्पुरती."

"तो तुम्हाला विचारल्याशिवाय सदराही घेत नाही. बोटीवरून पत्र आलं की पहिली ओळ, भाऊजींची तब्येत कशी आहे. आणि तुम्ही..." तिचा आवाज फुटला. मग ती पदराने डोळे पुसून उठली. "ती फाइल माझ्या चुलीत आली पाहिजे. बाहेर एक शब्द गेला आणि हे लग्न मोडलं, तर मी काही बोलणार नाही."

मालन बोलते तेव्हा मी घाबरत नाही. ती काही बोलणार नाही म्हणाली की घाबरतो. गुरुवारी ऑफिसला सुट्टी होती. शुक्रवारी सकाळी आधी एस.टी. चुकली, मग साहेबांनी मला कोर्टात कागद द्यायला पिटाळलं, आणि दुपारी जागेवर येऊन खण उघडला तर फाइल नाही.

"भिकाजीराव, माझी ती फाइल?"

"दिली की."

"कोणाला?"

"ते अनुभवी, वयस्क गृहस्थ तुम्हीच पाठवले होते ना? धोतर, काळी टोपी, छत्री. सकाळी आले, तुमच्या मेहुण्याबद्दल विचारायला लागले. मी म्हटलं, तोंडी कशाला, सगळं लेखी आहे. अभिप्राय लिहून परत करा म्हणून सांगितलंय."

"नाव काय त्यांचं?"

"नाव कसं विचारणार? माणूस पोक्त वाटला."

मी खुर्चीत बसलो. वेषांतर केलेला पोलीस, हे माझ्या लगेच लक्षात आलं. धोतर आणि छत्री एकदम कोण बाळगतो? शुक्रवार गेला, शनिवार गेला. मालनने विचारलं, "जाळलीत?" मी म्हटलं, "आता ती आपल्या हातात नाही," आणि हे खरंच होतं. शनिवारी दुपारी बाळा मुंबईहून आला. बहिणीला साडी आणि मला शर्टाचं कापड घेऊन आला होता. ते कापड हातात घेताना मला इतकी लाज वाटली की मी त्याला रंग आवडला नाही म्हणून सांगितलं. तो बिचारा बदलून आणतो म्हणाला.

रविवारी अकरा वाजता रिक्षा थांबली. आधी छत्री उतरली. मग काळी टोपी. मग धोतर. मी मागच्या दाराने विहिरीकडे निघालो होतो, पण मालनने माझा सदरा मागून धरला. "पुढे व्हा. आप्पा आले."

मुलीच्या बापाने ठरल्या दिवसाच्या आधी, न कळवता येऊन, मुलाची बाहेर चौकशी करून जायची, ही आमच्याकडची जुनी रीत. मी स्वतः दोनदा लोकांसाठी केलेली आहे. ती आपल्याकडेही होईल, हे काही केल्या माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आप्पा बसले. राही त्यांच्या बाजूला बसली, निळी साडी, शांत चेहरा. गुहागरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती, ट्रंक कॉल जोडायची. बाळा समोर दाराच्या चौकटीला टेकून उभा, हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. कोकम सरबत झालं. आप्पांनी विहिरीला पाणी किती, कौलं कधी शाकारली, हे विचारलं. मग पिशवीतून फाइल काढून माझ्यासमोर ठेवली.

"हे अक्षर तुमचं का नाचणकर?"

"होय."

"छान आहे. वाचा."

मी मालनकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. मी वाचायला लागलो. गंगाराम झाला, भिकाजीराव झाले, केरूबुवा झाले. माझा स्वतःचा निष्कर्ष आला तेव्हा मी तो जरा गाळायचा प्रयत्न केला, पण आप्पा म्हणाले, "खालून चौथी ओळ राहिली." ती वाचली. संशयास वाव आहे. बाळा माझ्याकडे बघत होता. रागाने बघितलं असतं तर परवडलं असतं.

"भाऊजी, मला विचारायचं ना," तो म्हणाला. "मी सांगितलं असतं."

"आता मला सांगा," आप्पा म्हणाले. "हे काय आहे?"

बाळाने बॅगेतून कॅसेट आणली. "ह्या विलायती गाण्यांना डेथ मेटल म्हणतात. त्यातलं हे जलद, ग्राइंडकोअर म्हणतात तसलं. आमच्या इंजिनरूममध्ये इंग्लंडचा एक फिटर होता. घरी जाताना त्याने मला दिली. खाली कसं असतं, माहीत आहे? रात्रंदिवस इंजिन चालू. बोललेलं कळत नाही, सगळं हातवाऱ्यांनी. नऊ महिने तेच कानात. मग घरी आलो की इथे एवढं शांत असतं की मला झोपच लागत नाही. छातीत धडधडतं. इंजिन बंद पडलं की काय असं वाटून उठून बसतो. ही हळू आवाजात लावली की झोप लागते." मग खाली बघत म्हणाला, "कोणाला सांगायची लाज वाटायची."

मालन उठून त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. मला तर जमिनीत जावंसं वाटत होतं.

"लावा," आप्पा म्हणाले.

लावली. आप्पा छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. एक गाणं झालं, दुसरं, तिसरं. त्यांच्या भुवया वर गेल्या त्या तिथेच राहिल्या. मालनने कानांवर पदर घेतला. राही मात्र मान किंचित तिरकी करून अशी बसली होती जशी ती रोज कामावर बसत असणार. पंधरा मिनिटांनी टेपचं बटण आपोआप वर आलं. पहिल्यांदा ती बोलली.

"दोघे आहेत. एक किंचाळतो, एक जाड आवाजाचा. पण एकमेकांचं तोडत नाहीत. एकाचं झालं की मगच दुसरा सुरू करतो. आमच्या मुंबई लाइनवर एवढ्या शिस्तीत बोलणारं मला अजून कोणी भेटलं नाही." मग बाळाकडे बघून म्हणाली, "दुसरी बाजू आहे ना?"

बाळाने "आहे" म्हटलं, ते त्याला स्वतःलाच ऐकू आलं नसेल.

"थांब गो," आप्पा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "नाचणकर, मी शुक्रवारी एकच गोष्ट विचारायला आलो होतो, मुलगा पितो का. आता सांगतो ऐका. प्यायलेल्या माणसाला हे पाच मिनिटं ऐकता येणार नाही, डोकं फुटेल त्याचं. हे शुद्धीतल्या माणसाचं काम आहे. आणि दुसरं. मी गावभर हिंडलो असतो तरी अशी चौकशी मला जमली नसती. घरच्या माणसाने, तीन जण लावून, आठवडाभर खणलं, आणि मुलाविरुद्ध सापडलं काय, तर एक कॅसेट. मला स्थळ पसंत आहे. पेन द्या, अभिप्राय लिहायचा राहिलाय माझा."

मालन रडली. बाळा आप्पांच्या पाया पडायला वाकला तो चौकटीवर डोकं आपटून. मी म्हणालो, मी म्हणतच होतो की मुलगा चांगला आहे, पण ते कोणी ऐकलं नाही, कारण राहीने दुसरी बाजू लावली होती.

संध्याकाळी पाहुण्यांना एस.टी.त बसवायला मी स्टँडवर गेलो. फाइल घरीच होती. परत येताना मला वाटत होतं, चुकून का होईना, हे लग्न माझ्यामुळे जमलं. बावीस वर्षांत माझी एक तरी फाइल निकाली निघाली. घरी आलो तर बाळा आत कॅसेट लावून झोपला होता, मालन भैरीला नारळ द्यायला गेली होती आणि फाइल टेबलावर उघडी होती. मी आप्पांचा अभिप्राय वाचला.

'कॅसेट ऐकली. हरकत नाही. मुलगा निर्मळ आहे. तथापि तो वर्षातील नऊ महिने बोटीवर असणार व माझ्या मुलीचे येणे-जाणे नणंदेकडे राहणार. सबब, नणंदेचे यजमान श्री. नाचणकर यांची सखोल चौकशी व्हावी.'

त्याखाली मालनचं अक्षर होतं. 'चौकशीची आवश्यकता नाही. सतरा वर्षांची माहिती तोंडपाठ आहे. खालीलप्रमाणे.'

मी पान उलटलं. पुढची तिन्ही पानं दोन्ही बाजूंनी भरली होती, आणि शेवटी लिहिलं होतं, 'कागद संपले. येताना आणावेत.'